अर्थ हरवलेले गाणे: बंगळूरचे संगीतसंशोधन आणि अस्मितेचा प्रश्न

मराठी समीक्षेने गाण्याचा विचार बहुधा शब्दाच्या बाजूने केला आहे. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर हे कवी म्हणून अभ्यासले गेले. लावणी हा काव्यप्रकार ठरला. तिच्यातील शृंगाराची, प्रतिमांची, जातिवृत्तांची चिकित्सा झाली. आणि ती लावणी ज्या गळ्यातून व ज्या पावलांतून लोकांपर्यंत पोचली ती स्त्री मात्र छापील पानाबाहेर उभी राहिली. गाणे म्हणजे शब्द, शब्द म्हणजे भाषा आणि भाषा म्हणजे समाजाची अस्मिता, ही साखळी एकदा गृहीत धरली की याहून वेगळे काही घडण्याचे कारण नव्हते. आता विद्यापीठांतून हिप-हॉपवर प्रबंध लिहिले जाऊ लागले आहेत. विषय नवा असला तरी साखळी जुनीच आहे: रॅपचे शब्द उतरवून घ्यायचे, त्यांतून वस्ती, वर्ग, जात, बोली यांचे दाखले काढायचे आणि त्या दाखल्यांना अस्मिता म्हणायचे. या रीतीला मुळातून प्रश्न विचारणारे संशोधन बंगळुरात उभे राहिले, आणि ते रॅपविषयी नसून त्रिनिदादमधील चटणी-संगीताविषयी होते, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

बंगळूर हे शहर एका भाषेचे कधीच नव्हते. १६३८नंतर शहाजीराजांचे वास्तव्य तेथे होते, आणि जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त त्या दरबाराचे जे चित्र येते त्यात अनेक भाषांचे कवी आपापल्या भाषेत रचना सादर करताना दिसतात. वि. का. राजवाड्यांनी १९२२ साली हा चंपू संपादून प्रसिद्ध केला तेव्हा त्यांना त्यात मराठी सत्तेच्या उदयाची सामग्री दिसली. त्यातील बहुभाषिक मैफल ही दुय्यम गोष्ट ठरली. त्याच शहरात १९५० साली एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड जन्मले, बसमध्ये कंडक्टर झाले आणि पुढे रजनीकांत या नावाने तमिळ जनमानसाचे दैवत बनले. असल्या शहरात भाषा आणि अस्मिता यांचे नाते सरळ रेषेत काढता येत नाही, आणि म्हणूनच कदाचित तेथे ते हट्टाने काढले जाते. १९८२चे गोकाक आंदोलन हा त्या हट्टाचा सर्वांत मोठा उद्गार होता, आणि त्या आंदोलनाला रस्त्यावरची गर्दी मिळाली ती डॉ. राजकुमार या नटामुळे.

या पार्श्वभूमीवर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगळुरात 'सेंटर फॉर द स्टडी ऑफ कल्चर अँड सोसायटी' ही संस्था आकाराला आली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या तेजस्विनी निरंजना या कन्नड कादंबरीकार निरंजन आणि लेखिका अनुपमा निरंजन यांच्या कन्या. १९९२च्या 'सायटिंग ट्रान्स्लेशन' या ग्रंथामुळे भाषांतरमीमांसेच्या अभ्यासकांना त्यांचे नाव परिचित होते. जयंत कायकिणी यांच्या मुंबईविषयक कथांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद दक्षिण आशियाई साहित्यासाठीच्या २०१८च्या डी.एस.सी. पुरस्कारास पात्र ठरला. भाषा हाच ज्यांचा व्यासंग, त्यांनी 'मोबिलायझिंग इंडिया' (२००६) हा संगीतविषयक ग्रंथ लिहिताना भाषा जवळजवळ विसरलेल्या समाजाची निवड करावी, यात एक अंतर्गत तर्क आहे.

त्रिनिदादला पहिले गिरमिट्यांचे जहाज ३० मे १८४५ रोजी लागले. १९१७ साली ही पद्धत बंद होईपर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे तेथील उसाच्या मळ्यांवर नेली गेली, बहुतेक भोजपुरी भाषक प्रदेशातून. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात असा नियम होता, आणि तो पाळणे कंत्राटदारांना जड जाई. जहाजावर चढणाऱ्या स्त्रियांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, एकट्या निघालेल्या होत्या. मळ्यावर त्यांना स्वतःची मजुरी मिळाली आणि जोडीदार निवडण्याची, सोडण्याची काही मुभाही मिळाली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली कायदेमंडळात गिरमिट पद्धतीविरुद्ध मांडलेला ठराव फेटाळला गेला, परंतु त्यानंतर पाच वर्षांत ती पद्धत थांबली. गोखल्यांच्या या कार्याचा उल्लेख मराठी चरित्रग्रंथांत गौरवाने येतो आणि तो रास्तच आहे. निरंजना यांचे म्हणणे मात्र वेगळ्या ठिकाणी बोट ठेवते. या आंदोलनाच्या भाषेत गिरमिटी स्त्री ही राष्ट्राची लाज म्हणून आली. तिच्या 'पतना'ची वर्णने देशभर फिरली, आणि तिला नजरेआड केल्यानंतरच 'भारतीय स्त्री'ची सोज्वळ प्रतिमा पूर्ण झाली. म्हणजे जी प्रतिमा पुढे घराघरांत आदर्श ठरली तिच्या घडणीत एका वेगळ्या स्त्रीला वगळण्याची क्रिया अनुस्यूत होती. हे प्रतिपादन अस्वस्थ करणारे आहे, पण ते सहज झटकून टाकता येत नाही.

त्या वगळलेल्या स्त्रीच्या पणतीने गायिलेले गाणे म्हणजे चटणी. तिचे मूळ लग्नाआधीच्या 'मटकोर' विधीत आहे. पुरुषांना तेथे मज्जाव; बायकांनी बायकांत नाचायचे, चावट गाणी म्हणायची, नवरीला जे उघड सांगता येत नाही ते गाण्यातून सांगायचे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मंगळागौरीच्या जागरणात, हळदीच्या रात्री आपल्याकडेही आजीच्या वयाच्या बायका काय काय बोलत, हे लोकसाहित्याच्या संकलकांनी बहुधा गाळून छापले. त्रिनिदादमध्ये ही अंगणातली गाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिक्षेपकावर आली. १९८७ साली द्रुपती रामगुणाई या गायिकेने चटणी आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांचे सोका संगीत यांचा संकर करून त्याला 'चटणी-सोका' हे नाव दिले. पुढच्याच वर्षी तिच्या एका गाण्यातील 'नानी' या शब्दाच्या द्व्यर्थावरून वादळ उठले. हिंदू संघटनांना त्यात संस्कृतीचा अधःपात दिसला. भारतीय वंशाच्या स्त्रीने आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या मंचावर उभे राहून कंबर हलवावी हा त्या वादाचा खरा गाभा होता. श्लेष हे निमित्त होते. संपूर्ण शाहिरी वाङ्मयात असे किती श्लेष आहेत आणि ते पुरुषाने रचले म्हणून कसे 'रसिकते'त जमा झाले, याचा हिशेब मराठीत अजून व्हायचा आहे.

येथे या संशोधनातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. चटणी गाणाऱ्या आणि तिच्यावर नाचणाऱ्या बहुतेकांना त्या गाण्यातील भोजपुरी वा हिंदी शब्दांचा अर्थ कळत नाही. हिंदी चित्रपटगीते तेथे घरोघरी पाठ असतात. ऐकून, ध्वनी जुळवून, कधी रोमन लिपीत उतरवून. भाषेचा अर्थ गळून गेला आणि अस्मिता मात्र अधिकच तीव्र झाली. 'आवाजातील देह' अशा आशयाचे शीर्षक निरंजना यांनी एका प्रकरणाला दिले आहे ते याच कारणाने. शब्दार्थाच्या जागी उच्चाराचा हेल, ढोलकाचा ठेका, गळ्याची ठेवण आणि हलणारे शरीर यांनीच 'आम्ही कोण' हे ठरवले. भाषा गेली की समाज गेला, अशी आपली श्रद्धा आहे. 'देशीयते'ची मांडणी करणाऱ्या भालचंद्र नेमाडे यांच्यासारख्या समीक्षकांनी परंपरेचे बळ भाषेच्या भूमीत शोधले. त्रिनिदादचे उदाहरण त्या मांडणीला खोटे ठरवत नाही, पण तिच्या कक्षेबाहेर काय राहते हे दाखवते. भूमी सुटली, भाषा सुटली, तरी एक ठेका तीन पिढ्या टिकला आणि त्याच्यावरून भांडणेही झाली. साहित्याच्या अभ्यासकाला हे कबूल करणे जड जाते, कारण मग गाण्याचा अर्थ लावण्याचे त्याचे मुख्य हत्यारच बोथट होते.

असे असूनही हे पुस्तक ऐकण्यापेक्षा वाचण्यातच अधिक रमते, हा त्याचा दोष नोंदवला पाहिजे. वादाची कात्रणे, गीतांचे शब्द, कॅलिप्सोगायकांनी भारतीय स्त्रीचे केलेले चित्रण, यांची चिकित्सा तीक्ष्ण आहे. पण आवाजातील देहाची घोषणा केल्यावर त्या आवाजाचे सांगीतिक वर्णन मात्र अपुरे वाटते. पीटर मॅन्युअल यांनी वेस्ट इंडीजमधील भारतीय संगीतावर २००० साली लिहिलेल्या ग्रंथात 'धंताल' या लोखंडी सळईच्या वाद्याचा ठणका, 'तान' गायकीची उतरंड, लय कोठे बदलते याचा तपशील आहे. मॅन्युअल यांच्याकडे निरंजना यांचा राजकीय प्रश्न नाही. निरंजना यांच्याकडे मॅन्युअल यांचा कान नाही. सुरभि शर्मा यांच्या 'जहाजी म्युझिक' (२००७) या माहितीपटाने ही उणीव थोडी भरून काढली. याच संशोधनातून सुचलेल्या त्या प्रवासात गोव्याचे रेमो फर्नांडिस त्रिनिदाद आणि जमैका येथील वादक-गायकांबरोबर बसून गाणी रचू पाहतात. पोर्तुगीज वारसा, कोकणी कान आणि इंग्रजी गीते अशी रेमो यांची घडण. त्यांना तेथे 'भारतीय' म्हणून जावे लागते आणि त्यांच्या यजमानांना त्या शब्दाने जे अपेक्षित आहे ते रेमो यांच्याकडे नाही. सूर जुळता जुळता राहतात, मध्येच एखादा ठेका दोघांना एकत्र आणतो. ग्रंथात जे विधान आहे ते पडद्यावर अडखळत, घाम पुसत घडताना दिसते.

'मोबिलायझिंग इंडिया' प्रसिद्ध होण्याआधी, २००० साली, निरंजना यांनी स्वतःच्या शहराकडेही पाहिले होते. राजकुमार आणि कन्नड सार्वजनिक जीवनातील पौरुष यांवरील त्यांचा निबंध सीमाभागातील मराठी वाचकाने अवश्य वाचावा. राजकुमार यांची प्रतिमा ही कन्नड भाषेची प्रतिमा कशी झाली, तिच्यात संयमी, कष्टाळू, मातृभक्त पुरुषाचा आदर्श कसा घडला, याची ही चर्चा आहे. तिच्यात आवाजाची एक गोष्ट जोडता येईल. १९७४च्या 'संपत्तिगे सवाल'पासून राजकुमार आपली गाणी प्रामुख्याने स्वतः गाऊ लागले. तोवर अनेक वर्षे त्यांचा गाता गळा होता पी. बी. श्रीनिवास यांचा, आणि श्रीनिवास हे काकिनाड्याचे, घरी तेलुगू बोलणारे. कन्नड अस्मितेचा आवाज परभाषकाचा होता याने कोणाचे काही बिघडले नाही. सीमेच्या अलीकडे पाहिले तर अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणी कामगारांच्या ओठी होती. गावी राहिलेली प्रिया आणि महाराष्ट्रापासून तुटलेला बेळगाव-कारवार-निपाणीचा मुलूख तिच्यात एकरूप होतात. तिकडे प्रदेश पुरुषाच्या रूपात उभा राहिला, इकडे विरहिणीच्या. एकाच तुकड्यावर हक्क सांगणाऱ्या दोन भाषांनी दोन वेगवेगळे देह निवडले. या निवडींचा तौलनिक अभ्यास बंगळूर आणि कोल्हापूर या दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्यासारखा आहे. सीमावादाच्या धुरळ्यात तो बहुधा कोणाच्या ध्यानी आला नसावा.

अण्णाभाऊंची मैना गाण्यात आहे. ती गाणे म्हणत नाही. गाणे म्हणणाऱ्या मैनेकडे वळले की बंगळूरच्या सिद्धान्ताला महाराष्ट्रात एक कठीण खडक लागतो, आणि तो खडक म्हणजे जात. शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात काम करताना १९९५ आणि २००२ या वर्षी लावणी व पोवाड्यावर जे निबंध लिहिले त्यांत हा प्रश्न स्वच्छ मांडला आहे. पोवाडा पुरुषाच्या पराक्रमाचा आणि म्हणून समाजाच्या अभिमानाचा. लावणी विशिष्ट जातींतील स्त्रियांच्या देहाची आणि म्हणून समाजाच्या सुखाची, पण त्याच्या लाजेचीही. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली आणि मग 'सुधारणे'च्या अटींवर तो पुन्हा सुरू होऊ दिला. ज्या कलावतींचे पोट त्यावर होते त्यांचे मत कोणी विचारले असे दिसत नाही. शैलजा पाईक यांच्या 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या ग्रंथाने हा धागा पुढे नेला. 'अश्लील' हा शब्द शृंगाराचे वर्णन करीत नसून जातीचे वर्णन करतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. समुद्र ओलांडताना त्रिनिदादच्या स्त्रीची जात बरीच विरली. द्रुपतीवर टीका झाली ती 'भारतीय' स्त्री म्हणून. कोल्हाटी वा महार-मांग समाजातील लावणी कलावतीला कोणत्याच बंदरावर आपली जात उतरवून ठेवता आली नाही. 'भारतीय स्त्री'च्या घडणीतून गिरमिटी स्त्री वगळली गेली हे निरंजना सांगतात. त्याच काळात, देश न सोडताही, तमासगीर स्त्री तितक्याच कठोरपणे वगळली गेली होती. या दोन वगळण्यांचा एकत्र विचार केल्याखेरीज पहिलीचा अर्थही पुरता लागत नाही.

निरंजना यांचा पुढचा ग्रंथ 'म्युझिकोफिलिया इन मुंबई' (२०२०) हा थेट मराठी मुलखात उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईत हिंदुस्थानी संगीताचे वेड कसे रुजले याचा हा शोध. गिरगावातील दिवाणखाने, लक्ष्मीबागेसारखी सभागृहे, संगीत नाटकांची थिएटरे, गायनाच्या शाळा यांचा नकाशा त्यातून उभा राहतो. येथेही अर्थ हरवलेल्या गाण्याचीच कथा आहे, आणि हे लक्षात आले की दोन्ही पुस्तकांचे नाते उलगडते. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर वा मोगूबाई कुर्डीकर गात तेव्हा बंदिशीचे ब्रज शब्द समोरच्या मराठी-गुजराती-पारशी श्रोत्यांपैकी कितीजणांना कळत असतील? कुंदगोळचे सवाई गंधर्व आणि धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांची घरची भाषा कन्नड; त्यांचे गाणे महाराष्ट्राने आपले मानले. केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, याचा अभिमान प्रत्येक मराठी माणूस सांगतो, पण तिचे शब्द क्वचितच कोणी विचारतो. ज्या समाजाने गाण्याला शब्द मानले त्यानेच आपल्या सर्वोच्च संगीताला शब्दाविना आपलेसे केले. मुंबईची ही सामाईक सांगीतिक भाषा बोलीभाषांच्या डोक्यावरून गेली आणि त्यांच्या भांडणांत सापडली नाही, असे या ग्रंथाचे सुचवणे आहे. ते आकर्षक आहे, थोडे अधिकच आकर्षक. गिरगावातून दोन मैलांवर गिरणगाव होते. तेथली लावणी, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब, आंबेडकरी जलसे हेही संगीतवेडच होते. ते या नकाशाच्या कडेला राहते. गोमंतकातील कलावंत घराण्यांतून आलेल्या स्त्रिया गायिका म्हणून प्रतिष्ठित झाल्या आणि संगीतबारीतल्या स्त्रिया झाल्या नाहीत, याचे उत्तर सामाईक सांगीतिक भाषेत मिळत नाही.

हिप-हॉपच्या अभ्यासाला हे सारे प्रश्न वारशाने मिळाले आहेत, कारण त्याचेही मूळ कॅरिबियन समुद्रात आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ज्या डी.जे. कूल हर्कने त्या प्रसिद्ध मेजवानीत तबकडीचा वाद्यांचा तुकडा लांबवून लोकांना नाचवले तो जमैकातील किंग्स्टनमध्ये जन्मलेला. तेथील रस्त्यावरच्या मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांची रीत त्याच्या ओळखीची होती. प्रथम ठेका आला, शब्द त्यावर नंतर चढले. ट्रिशिया रोझ यांच्या 'ब्लॅक नॉइज' (१९९४) या पायाभूत ग्रंथाचे नावच गोंगाटाकडे बोट दाखवते. हा कान आपल्याकडच्या अभ्यासांत क्वचित दिसतो. दिल्लीतील हिप-हॉपवर गॅब्रिएल दत्तात्रेयन यांचा २०२० साली आलेला ग्रंथ चांगला आहे; त्यात पौरुषाच्या घडणीचा विचार केंद्रस्थानी आहे आणि म्हणून निरंजना यांच्या प्रश्नांशी तो संवाद करू शकतो. बंगळूरची गाणी मात्र अजून अशा वाचनाची वाट पाहत आहेत. तेथील ब्रोधा व्ही या रॅपगायकाचे २०१२चे 'आत्मा रामा' हे गाणे घ्यावे. रॅप इंग्रजीत, ध्रुवपदाच्या जागी रामाचे संस्कृत भजन, आणि कन्नड जवळजवळ नाहीच. गोकाक आंदोलनाच्या शहरातील तरुण आपले म्हणणे ज्या दोन भाषांत मांडतो त्यांपैकी एकही त्या शहराच्या गल्लीची नाही. शब्दांतून अस्मिता शोधणारा अभ्यासक येथे गोंधळेल किंवा घाईने 'जागतिकीकरण' म्हणून मोकळा होईल. इंग्रजी ओळींची धावती गती भजनाच्या संथ आवर्तनाशी येऊन थांबते तेथे गाण्यात काय होते, कोणत्या घरात ऐकलेला तो स्वर आहे, तो कोणाला लगेच ओळखीचा वाटतो आणि कोणाला वाटणार नाही, हे विचारले की भाषेने झाकलेला एक संस्कार आणि त्याच्या कडेला असलेली जातही दिसू लागते.

मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने आरेच्या जंगलासाठी केलेल्या गाण्यात वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. मराठी रॅप आणि तो आवाज शेजारी शेजारी येतात, एकमेकांत मिसळत नाहीत. पुढे ऐकावे तसतसे कोणाचे गाणे कोणाच्या गाण्यात पाहुणे म्हणून आले आहे हे सांगणे कठीण होते. स्त्रीचा आवाज मात्र या गटांच्या गाण्यांत अगदी विरळा, मग ते बंगळूरचे असोत की मुंबईचे. चटणी-सोकावरचे वादळ एका बाईच्या गळ्यावरून उठले होते. येथे वादळ उठण्यापुरतीही जागा बाईला मिळालेली नाही, आणि या विषयावर लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधांत त्या अनुपस्थितीसाठी बहुधा शेवटच्या प्रकरणातला एक परिच्छेद राखून ठेवलेला असतो.